उरलेले दाणे

स्वादुपिंडात बेटं असतात. एका मोहरीत शेकड्यांनी मावतील एवढी बारीक, आणि अंगातली साखर आवरणारं इन्शुलिन तिथंच तयार होतं. कागदोपत्री त्यांना बेटं म्हणायचं. प्रयोगशाळेत मात्र सगळे दाणे म्हणत, कारण मावशी दाणे म्हणायची, आणि दाण्यांच्या बाबतीत मावशीचा शब्द शेवटचा असे.

तिचं काम तसं दोन वाक्यांत सांगून होईल. उंदीर मारायचा, पित्तनळीतून त्याच्या स्वादुपिंडात एन्झाइम भरायचं, फुगलेलं स्वादुपिंड काढून कोमट पाण्यात बरोबर चौदा मिनिटं हलवायचं. मग तो लगदा काचेच्या प्लेटमध्ये ओतून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि केसासारख्या नळीनं एकेक दाणा टिपून वेगळा काढायचा, एका उंदरामागे शंभर. एकवीस वर्षं हेच केलं की मान कायमची पुढे वाकते, आणि जगातली निम्मी माणसं आंधळी आहेत असं वाटायला लागतं. मावशीला तर सगळीच आंधळी वाटत.

नवी पोरं यायची, मोठ्या पदव्या घेऊन. मावशी त्यांना प्लेटीपुढे बसवायची आणि पाच मिनिटांनी मागे येऊन उभी राहायची. "हे काय वेचलंस? उंदरानं बिचाऱ्यानं दाण्यांसाठी जीव दिला, आणि तू कोंडा गोळा केलास." एक मुलगी तर स्वच्छतागृहात जाऊन रडली होती. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या मते रडणाऱ्या माणसाचा हात थरथरतो, आणि थरथरणाऱ्या हाताची इथं गरज नाही, ते लवकर कळलेलं बरं.

मावशीच्या जिभेतून एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे ठमी. ठमी तिच्या बहिणीची मुलगी. बहिणीला लहानपणापासून साखर होती, रोज सुया टोचून घेत ती चौतिशीपर्यंत आली आणि एका साध्या तापात चार दिवसांत गेली. ठमी तेव्हा नऊ वर्षांची होती. बाप आधीच निघून गेला होता. मावशीनं पोरीला घरी आणलं, स्वतःच्या लग्नाचा विषय बंद केला आणि पुढची अठरा वर्षं तिच्या वेण्या, वह्या, ताप, परीक्षा असं सगळं निस्तरलं. ठमी हुशार निघाली. डॉक्टरेट करायची वेळ आली तेव्हा मावशी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. सर म्हणाले, "तुमची भाची म्हणजे आमचीच."

पहिल्याच दिवशी ठमीनं लांबच्या दारातून "मावशी" अशी हाक मारली आणि तेव्हापासून ती सगळ्यांचीच मावशी झाली. तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा मावशीच म्हणायला लागले. कुणी ते आपुलकीनं म्हणे, कुणी फरशी पुसणारीला म्हणावं तसं. ठमीनं मात्र आठवड्याभरातच बजावलं, "मावशी, इथं मला ठमी नको म्हणूस." मावशीनं ते पाळलं. प्रयोगशाळेत ती भाचीला हाकच मारत नसे, जवळ जाऊन बोलत असे.

ठमीचा विषय एका औषधाचा होता. उंदरांना विष टोचून मधुमेह आणायचा. मग ते घटाघटा पाणी पितात, पिंजरा ओला करून टाकतात आणि मलूल होत जातात. अर्ध्या उंदरांना सहा आठवडे औषध, उरलेल्यांना नुसतं पाणी. शेवटी सगळ्यांना मारून दाणे वेचायचे आणि त्यांच्यातलं इन्शुलिनचं जनुक किती जागं आहे ते मोजायचं. आजारी दाण्यात ते जनुक झोपलेलं असतं. पाण्याच्या उंदरांत ते झोपलेलंच निघालं. औषधाच्या उंदरांत अडीच पट जागं निघालं.

अडीच पट! सर खुर्चीतून उठले होते. मोठ्या मासिकात पेपर आला, सरांची तीन भाषणं झाली, आणि पेपरच्या शेवटच्या ओळीत बेटं वेचल्याबद्दल मावशीचे आभार मानले गेले. मावशीनं ती ओळ कापून ठेवली नाही की कुणाला दाखवली नाही. पण त्या संध्याकाळी घरी ती बहिणीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. तिला आनंद झाला होता, आणि तो लपवायचं कारण नव्हतं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. ठमी वर्षभरापूर्वीच प्रयोगशाळेजवळ खोली घेऊन राहायला गेली होती.

प्रबंध द्यायला चार महिने उरले असताना मावशीला ताप आला. पाच दिवस अंथरुणातून उठवेना. इकडे चार उंदरांचे सहा आठवडे भरलेले, ते थांबवता येत नाहीत. तेव्हा ठमीनं दाणे स्वतः वेचले. मोजले तर औषध आणि पाणी सारखंच. अडीच पट कुठेच नाही, दीड पटही नाही.

मावशी परत आली तेव्हा ठमी तोंड पाडून बसली होती. मावशीला आतून थोडं बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. "वेचणं म्हणजे काय पुस्तकातून पाठ करायची गोष्ट आहे?" ती हळूच म्हणाली. "ते चार फेकून दे. आता मी आलेय ना."

ठमी मान हलवून "हो" म्हणाली.

पुढचे दोन आठवडे ठमी फारच गोड वागली. दुपारचा चहा स्वतः आणून द्यायची, मान दुखतेय का विचारायची. एका मंगळवारी तिनं सहा प्लेटी आणून ठेवल्या. "शेवटचे सहा, मावशी. मारणं, हलवणं सगळं मी केलंय, तू नुसते वेच. कुठली कुणाची ते झाकणावर लिहिलंय." तीन झाकणांवर औषध, तीन झाकणांवर पाणी. मावशीनं चष्मा पुसला आणि दिवसभर मान वर केली नाही. आपल्या माणसाचं काम म्हणून तिनं जरा जास्तच जीव ओतला.

शुक्रवारी नेहमीची बैठक होती. ठमीनं भिंतीवर आलेख दाखवला. पाण्याच्या खांबांशेजारी औषधाचे खांब दुप्पट उंच उभे होते. मावशी मागच्या रांगेत बसली होती, तिनं शेजारच्या उंदीरमामाला कोपरानं डिवचलं. उंदीरमामा म्हणजे प्राणिघर सांभाळणारा माणूस, तिचा जुना सोबती. तो तिच्याकडे न बघता बुटांकडे बघत राहिला.

"हे सहाच्या सहा उंदीर पाण्याचे होते," ठमी म्हणाली. "औषध एकालाही दिलेलं नव्हतं. झाकणांवर मी मनाला येईल तसं लिहिलं होतं."

खोलीत कुणीतरी फसकन हसलं, बहुतेक घाबरून. मावशीला अजून नीटसं कळलं नव्हतं. तिला आधी वाटलं पोरीची नोंद चुकली. ती सांगायला उभीसुद्धा राहिली.

तेवढ्यात ठमीनं पुढचं चित्र लावलं. मावशीनं वेचून झाल्यावर प्लेटीत जे उरलं होतं, त्याचे फोटो तिनं काढून ठेवले होते. एकवीस वर्षांत मावशीनं उरलेल्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. वेचून झालं की प्लेट बादलीत जायची. आता ते उरलेलं भिंतभर पसरलं होतं. औषध लिहिलेल्या प्लेटीत उरले होते फाटके, फिकट, कडा झिजलेले दाणे. पाणी लिहिलेल्या प्लेटीत उरले होते गोल, भरलेले, कुणीही आधी उचलावेत असे. तिन्ही जोड्यांत तेच.

मावशी उभीच राहिली. तिला तिचा हात आठवत होता, अगदी एकेका दाण्यापर्यंत. पाण्याच्या प्लेटीत फाटका दाणा दिसला की तिच्या मनात यायचं, आजारी उंदीर आहे, दाणा असाच असणार, घ्यावा. औषधाच्या प्लेटीत तसाच दाणा दिसला की मनात यायचं, हा एन्झाइमनं जास्त खाल्लेला दिसतोय, सोडावा. दोन्ही वेळा तिच्याकडे कारण होतं आणि दोन्ही वेळा ते तिला खरं वाटलं होतं. तीन वर्षं ती अशीच वेचत होती. औषध लागू पडावं, पोरीचं भलं व्हावं, एवढं एकच तिच्या मनात होतं, आणि ते मन तिच्या नकळत बोटांपर्यंत उतरलं होतं.

"मी मुद्दाम नाही..." ती म्हणाली.

"तीन जोड्या, तिन्ही एकाच बाजूला," ठमी म्हणाली. आवाज चढला नव्हता. परीक्षकाला उत्तर द्यावं तसा सरळ होता.

"बसा मावशी," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. उंदीरमामालाही ठाऊक होतं, सहा उंदीर त्यानंच काढून दिले होते. चहा आणून देणारी तर सूत्रधारच. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा, आणि कापणाऱ्या हातानं आधी कप पुढे केलेला असतो. मावशी बसली. बैठक पुढे चालू राहिली, फ्रीजच्या दुरुस्तीवर बोलणं झालं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती नंतर कुणी सांगितली नाही. या कामाचा एक नियम आहे. वेचणाऱ्याला प्लेट कुणाची ते कळता कामा नये. दुसऱ्या माणसानं झाकणावरचं नाव चिकटपट्टीनं झाकायचं आणि आकडा घालायचा. माणसाचं मन असंच असतं म्हणून तर तो नियम आहे. तीन वर्षांपूर्वी या उंदरांचं काम सुरू झालं तेव्हा मावशीनंच विचारलं होतं, "नावं झाकायची ना?" सर घाईत होते. "तुमच्या डोळ्यांना झापडं लावू का आता? अठरा वर्षांचा हात आहे. आणि झाकत बसायला माणूस कुठाय?" मावशीला ते कौतुक वाटलं होतं. ठमी तेव्हा शेजारीच उभी होती, आणि ती हसली होती.

रविवारी संध्याकाळी ठमी घरी आली. तिच्याकडे किल्ली होती, तरी तिनं घंटा वाजवली. मावशीनं दार उघडलं आणि इतकं होऊनही तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "जेवलीस का?"

"जेवलेय. बस ना, मावशी. बोलायचंय."

ती फायलीतून एक कागद घेऊन आली होती. पेपर मागे घ्यावा लागणार, हे ठरलंच होतं. मासिकाला कारण कळवायचं होतं. मावशीनं कागद खिडकीजवळ नेऊन वाचला. तिच्या नावानं लिहिलेलं पत्र होतं. ‘झाकणांवरची नावं नियमानुसार नेहमी पट्टीनं झाकलेली असत. मी वेळोवेळी पट्ट्या काढून नावं पाहिली आणि हवे तेच दाणे जाणूनबुजून निवडले. माझ्या बहिणीचा मधुमेहानं मृत्यू झाल्यामुळे माझी मानसिक स्थिती ठीक नव्हती. या प्रकाराची सरांना किंवा अन्य संशोधकांना कल्पना नव्हती.’

मावशीनं ते पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्यांदा ती बहिणीच्या ओळीवर थांबली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. सरांनी नुसतं शुद्धलेखन बघितलं."

"पट्ट्या कधी होत्या गं?"

ठमी मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला, लहानपणी शाळेचा रस्ता ओलांडताना घ्यायची तसा. "नीट ऐक. पट्ट्या नव्हत्या असं लिहिलं तर तो आमचा निष्काळजीपणा होतो. सरांची प्रयोगशाळा जाईल, माझा प्रबंध जाईल. चार वर्षं पाण्यात. पण कुणीतरी मुद्दाम केलं आणि ते मी पकडलं असं असेल, तर माझं काहीच जात नाही. उलट तोच एक धडा होईल प्रबंधात. सर म्हणाले, परीक्षकांना आवडेल."

"आणि माझं?"

"तुझी नोकरीची तीनच वर्षं राहिली होती, मावशी."

होती. पोरीनं ती वर्षं आधीच वजा करून टाकली होती. मावशीला वाटलं एक सणसणीत ठेवून द्यावी. अठरा वर्षांत तिनं ठमीवर कधी हात उगारला नव्हता, आणि आता उगारला तर तेही कुठल्यातरी पत्रात मानसिक स्थितीच्या ओळीत जाऊन बसलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावून चावून कुणाला चावणार?

"तुझ्या आईला कशाला घातलंस यात?" तिनं विचारलं.

"कारण लागतं काहीतरी. नुसतं केलं म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? आणि ते खोटं कुठाय? आईसाठीच तर करत होतीस ना तू?"

"तुझ्यासाठी करत होते."

"मग हेपण माझ्यासाठीच कर ना."

इतकं सोपं होतं ते. ठमीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. ती घाबरलेली होती. नऊ वर्षांची असताना ती अशीच घाबरून या खोलीत आली होती, हातात एक पिशवी घेऊन, आणि मावशीनं तेव्हा तिला सांगितलं होतं की तू काही काळजी करू नकोस. मावशीला कळून चुकलं की आपण सही करणार. तिला त्याचा संताप आला, ठमीचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. सही केली की या शहरात किंवा दुसऱ्या कुठल्याही शहरात कुणी तिच्या हाती नळी देणार नव्हतं. आजवर ज्या पोरांना तिनं कोंडा गोळा करता म्हणून रडवलं, ती पोरं आता आपापल्या प्रयोगशाळांत हे पत्र वाचून दाखवणार होती. ती मिटक्या मारत वाचतील, आणि त्यांची तरी काय चूक.

तिनं पेन घेतलं. पण टोक कागदावर टेकवलं नाही.

"सही करते," ती म्हणाली. "पण आधी एक कर. इथं कुणी नाहीये. सर नाहीत, हे कुठल्या कागदावर जाणार नाही. तू मला एकदा तोंडानं म्हण. मावशी, तू मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. एवढंच म्हण."

ठमीनं डोळे पुसले. ती म्हणेल असं मावशीला वाटलं, कारण म्हणायला काय लागतं? दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला याहून मोठं खोटं रोज बोलतो, आणि हे तर खोटंही नव्हतं. पण ठमी विचार करायला लागली. बैठकीत कुणी अवघड प्रश्न विचारला की ती भुवया जवळ घेऊन थांबायची, तशी थांबली. असा विचार करायला मावशीनंच तिला शिकवलं होतं. जे दिसलं तेवढंच बोल, जे वाटलं ते बोलू नकोस, असं बजावून.

"तसं नाही म्हणता येणार मला," ठमी शेवटी म्हणाली. "चाचणीतून एवढंच कळलं की तुझा हात एका बाजूला जातो. तुला आत ते माहीत होतं की नव्हतं, ते मोजलेलं नाही. ते मोजता पण येत नाही. मला नाही माहीत, मावशी."

ती हे दुखवायला म्हणत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. तिच्या पायाला काटा लागला तर जिनं रात्र जागून काढली, ती बाई चोर आहे की नाही हे तिला पुराव्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि त्याच हातानं तिनं पट्ट्यांची गोष्ट रचून आणली होती, तिथं पुरावा आडवा आला नव्हता.

मावशीला काहीतरी फार लागेल असं बोलायचं होतं. आयुष्यभर तिच्या जिभेवर ते तयार असे. आज शोधूनही सापडलं नाही. तिनं सही केली. ठमीनं फायलीतून दुसरी प्रत काढून पुढे केली, मावशीनं तिच्यावरही केली.

"तारीख घाल," ठमी म्हणाली. मावशीनं तारीख घातली.

ठमीनं दोन्ही कागदांवर हलकेच फुंकर घातली, शाई वाळल्याची खात्री केली आणि फाईल बंद केली. मग ती वाकून मावशीच्या गळ्यात पडली, घट्ट, बराच वेळ. मावशीचे हात तिच्या पाठीवर गेले. सवयच होती ती.

दारात बूट चढवताना ठमीला काहीतरी आठवलं.

"आणि उद्या उगाच तिकडे येऊ नकोस," ती म्हणाली. "खालच्या दाराचं तुझं कार्ड आज सकाळीच बंद केलंय."